सिकलसेल म्हणजे काय? जनुकातल्या एका अक्षराचा ११३ वर्षांचा इतिहास



माझ्या मोबाइलच्या गॅलरीत एका कागदाचा फोटो आहे. आधार, पॅन आणि बारावीच्या मार्कशीटच्या फोल्डरमध्येच तो ठेवलाय. कागदावर माझं नाव, वय आणि खाली दोनच अक्षरं आहेत: एएस.

मी चंद्रपूर जिल्ह्यातला. कॉलेजच्या पहिल्या वर्षी एनएसएसच्या शिबिरात रक्त तपासणारी टीम आली होती. बोटाला टोचलं, थेंब घेतला, आणि काही आठवड्यांनी हा कागद हातात पडला. समजावून सांगायला समोर कुणी नव्हतं. मी गुगल केलं आणि पहिल्याच पानावर दुखण्याचे, ऑक्सिजन लावलेल्या मुलांचे फोटो बघून घाबरलो. घरी सांगितलं तर आत्या एवढंच म्हणाली, "कोणाले सांगू नको बाप्पा. उद्या सोयरीक जुळवाची आहे."

माझ्या चुलत बहिणीच्या कागदावर एसएस लिहिलंय. मला काहीच होत नाही, आणि तिची मात्र दहावीची प्रिलिम दवाखान्यात गेली. एका अक्षराने इतका फरक का पडतो, हे शोधायला मी बसलो आणि थेट १९०४ सालच्या शिकागोत जाऊन पोहोचलो. मेडिकलमध्ये जेनेटिक्स कसं आलं, याची जवळपास सगळी गोष्ट या एका आजारात सापडते. या लेखात आपण तीच बघणार आहोत. चला तर मग, सुरुवात करूया.

आधी बेसिक: एक अक्षर बदललं म्हणजे नेमकं काय?

आपल्या पेशींमध्ये डीएनए असतो. तो चारच अक्षरांत लिहिलेला असतो: ए, टी, जी आणि सी. एका संचात अशी साधारण ३०० कोटी अक्षरं असतात. आपल्याकडे दोन संच असतात, एक आईकडून आलेला आणि एक बाबांकडून. या मजकुरातला जो भाग एखादं प्रोटीन कसं बनवायचं ते सांगतो, त्याला जनुक म्हणतात.

मराठीत 'दिन' म्हणजे दिवस आणि 'दीन' म्हणजे गरीब. फरक एका वेलांटीचा, अर्थ मात्र पूर्ण वेगळा. सिकलसेलमध्ये असंच होतं. ११ व्या गुणसूत्रावर हिमोग्लोबिनच्या एका साखळीचं, म्हणजे बीटा ग्लोबिनचं जनुक आहे. त्यात एका ठिकाणी 'जीएजी' असायला हवं तिथे 'जीटीजी' येतं. म्हणजे 'ए'च्या जागी 'टी'. बाकी सगळं जसंच्या तसं.

हिमोग्लोबिन म्हणजे लाल पेशींत बसून ऑक्सिजन वाहून नेणारं प्रोटीन. चूक असलेलं हिमोग्लोबिन ऑक्सिजन सोडल्यावर एकमेकांना चिकटतं आणि त्याच्या लांब काड्या तयार होतात. मग गोल, मऊ पेशी विळ्यासारखी वाकडी आणि कडक होते. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि भयंकर दुखतं. साधी लाल पेशी साधारण १२० दिवस जगते. विळ्याची पेशी १० ते २० दिवसांतच संपते, म्हणून रक्तही कमी पडतं.

आता कागदावरच्या अक्षरांचा अर्थ:

- एए: दोन्ही प्रती बरोबर. सिकलसेल नाही.
- एएस: एक प्रत बरोबर, एक चुकीची. याला वाहक म्हणतात. हा आजार नाही.
- एसएस: दोन्ही प्रती चुकीच्या. हा सिकलसेल आजार.

एएस आणि एसएस यांतला फरक डोक्यात पक्का ठेवा. पुढे याच फरकाच्या गोंधळामुळे बऱ्याच लोकांचं नुकसान झालेलं दिसेल.

शिकागो, १९०४: पेशी दिसली, कारण कळेना

वॉल्टर क्लेमंट नोएल नावाचा तरुण कॅरिबियन समुद्रातल्या ग्रेनाडा बेटावरून डेंटिस्ट व्हायला शिकागोला आला होता. १९०४ च्या डिसेंबरमध्ये तो आजारी पडून प्रेस्बिटेरियन हॉस्पिटलमध्ये दाखल झाला. तिथले शिकाऊ डॉक्टर अर्नेस्ट आयर्न्स यांनी त्याचं रक्त मायक्रोस्कोपखाली बघितलं, तर काही लाल पेशी लांबट, विळ्यासारख्या होत्या. असं आधी कुणी नोंदवलेलं नव्हतं.

त्यांचे वरिष्ठ जेम्स हेरिक यांनी ही केस नोव्हेंबर १९१० मध्ये छापली. हा वेगळा आजार आहे की दुसऱ्याच कशाचा परिणाम, हे मात्र त्यांना ठरवता आलं नाही. त्या पेपरमध्ये नोएलचं नावही नव्हतं. शिक्षण पूर्ण करून तो ग्रेनाडाला परतला, दवाखाना चालवला आणि १९१६ मध्ये छातीच्या आजाराने गेला. वय फक्त ३२. आपलं रक्त मेडिकलच्या इतिहासात गेलंय, हे त्याला बहुधा कधी कळलंच नसेल.

'सिकलसेल अ‍ॅनिमिया' हे नाव १९२२ मध्ये पडलं. १९२७ मध्ये हान आणि गिलेस्पी यांनी दाखवलं की ऑक्सिजन कमी केला की पेशी वाकड्या होतात. पण का, हे अजून कळायचं होतं.

त्याच काळात लंडनमध्ये: आजार वारशाने येतो?

वाटाण्याच्या रोपांवरून वारशाचे नियम शोधणाऱ्या मेंडेलचं काम ३०-३५ वर्षं धूळ खात पडलं होतं. १९०० मध्ये ते पुन्हा लोकांसमोर आलं. लंडनमध्ये आर्चिबाल्ड गॅरॉड नावाचे डॉक्टर तेव्हा अल्काप्टोन्युरिया नावाचा एक दुर्मिळ प्रकार बघत होते. यात लघवी हवेत राहिली की काळी पडते. गॅरॉड यांच्या लक्षात आलं की अशा मुलांचे आईवडील बऱ्याचदा एकमेकांचे सख्खे चुलत-मावस भावंडं असतात. जीवशास्त्रज्ञ विल्यम बेटसन यांनी हे मेंडेलच्या नियमांशी जोडून दिलं. दोन्ही प्रती चुकीच्या आल्या तरच हा प्रकार होतो. एक प्रत चुकीची असलेल्या आईवडिलांना काही होत नाही.

गॅरॉड यांचा हा पेपर १९०२ चा. माणसाच्या आजाराला मेंडेलचा नियम लावण्याची ही अगदी पहिल्या उदाहरणांपैकी एक. तेव्हाच्या बहुतेक डॉक्टरांना त्यात फारसा रस वाटला नाही. एवढा दुर्मिळ प्रकार घेऊन करायचं काय, असं त्यांना वाटत असावं.

१९४९: दोन पेपर, एकाच वर्षात

सिकलसेलचं कोडं १९४९ मध्ये दोन बाजूंनी सुटलं.

पहिली बाजू कुटुंबाची. अमेरिकेत जेम्स नील यांनी रुग्णांच्या आईवडिलांचं रक्त तपासलं. ज्यांना आजार होता त्यांचे आई आणि बाबा दोघेही वाहक निघाले. म्हणजे गॅरॉड यांनी सांगितलेलाच नियम इथेही लागू होता.

दुसरी बाजू प्रोटीनची. रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग यांना १९४५ मध्ये हार्वर्डचे डॉक्टर विल्यम कॅसल यांच्याकडून या आजाराबद्दल कळलं. ऑक्सिजन कमी झाला की पेशी वाकडी होते, म्हणजे बिघाड हिमोग्लोबिनमध्येच असणार, असं पॉलिंग यांच्या डोक्यात आलं. हार्वे इटानो, सेमूर सिंगर आणि इबर्ट वेल्स यांच्यासोबत त्यांनी ते तपासलं. त्यासाठी वापरली इलेक्ट्रोफोरेसिस ही पद्धत. यात प्रोटीनला विजेच्या प्रवाहात सोडतात आणि ते किती वेगाने, कुठे सरकतं ते बघतात. रुग्णांचं हिमोग्लोबिन वेगळं सरकलं. वाहकांमध्ये दोन्ही प्रकारचं हिमोग्लोबिन सापडलं.

त्यांनी सिकलसेलला 'रेणूचा आजार' म्हटलं. आजार एका रेणूतल्या बिघाडापर्यंत नेऊन दाखवण्याची ही पहिलीच वेळ होती. माझ्या कागदावरचं 'एएस' हे अक्षर त्याच पद्धतीच्या पुढच्या, सोप्या रूपातून आलंय.

नेमका फरक कुठे, हे १९५६-५७ मध्ये केंब्रिजला व्हर्नन इंग्राम यांनी शोधलं. त्यांनी हिमोग्लोबिनचे तुकडे केले आणि ते कागदावर पसरवून दोन्ही नमुन्यांची तुलना केली. सगळे डाग सारखे होते, फक्त एक वेगळा होता. बीटा साखळीत १४६ अमिनो आम्लं असतात. त्यातल्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन आलं होतं. एवढाच फरक.

एवढं त्रासदायक अक्षर टिकलं कसं?

मलाही हा प्रश्न पडला होता. पूर्वी एसएस असलेली बरीच मुलं लहानपणीच जायची. मग हे जनुक पिढ्यानपिढ्या कमी होत संपायला हवं होतं.

उत्तर १९५४ मध्ये अँथनी अ‍ॅलिसन यांनी दिलं. ते केनियात वाढले होते. पूर्व आफ्रिकेत जिथे मलेरिया जास्त, तिथे सिकलसेलचे वाहक जास्त, असं त्यांना दिसलं. वाहक मुलांच्या रक्तात मलेरियाचे जंतू कमी सापडत होते. म्हणजे एक चुकीची प्रत मलेरियापासून वाचवते, दोन आल्या तर आजार होतो. मलेरियाच्या जंगलात ज्यांच्याकडे एक प्रत होती ते जगले, आणि ती प्रत पुढच्या पिढीकडे गेली.

आता आपल्याकडे या. भारतात १९५२ मध्ये हर्मन लेहमान आणि मेरी कटबुश यांना निलगिरीतल्या आदिवासींमध्ये सिकलसेल सापडला. मध्य भारतातल्या वाहकांवर शुक्ला आणि सोळंकी यांचा पेपर १९५८ मध्ये आला. आज महाराष्ट्राच्या नकाशावर गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, मेळघाट, नंदुरबार असे पट्टे दिसतात. बरेचसे जंगलाचे, मलेरियाचे जुने पट्टे.

इथे एक गैरसमज दूर करूया. "हा आदिवासींचा आजार" असं सर्रास म्हटलं जातं. आदिवासी समाजात प्रमाण जास्त आहे हे खरं. पण विदर्भात अनुसूचित जाती आणि इतर मागासवर्गीय समाजातही तो बऱ्यापैकी सापडतो. जनुक आडनाव विचारून येत नाही.

वाचता आलं, पण वापर चुकला

इतिहासातला हा भाग वाचताना मला आत्याचं वाक्य आठवलं.

१९७० च्या आसपास अमेरिकेत सिकलसेलची तपासणी सोपी आणि स्वस्त झाली. १९७२ मध्ये राष्ट्रीय कायदा आला, पैसे आले. पण त्याच सुमारास काही राज्यांनी तपासणी सक्तीची केली. समजावून सांगायची व्यवस्था बऱ्याच ठिकाणी नव्हती. वाहक आणि रुग्ण यांत गल्लत झाली. धडधाकट वाहकांना नोकरीत आणि विम्यात त्रास झाला. अमेरिकेच्या हवाई दलाच्या अकादमीत वाहकांना १९८१ पर्यंत प्रवेश नव्हता. हे सगळं भोगणारे बहुतेक कृष्णवर्णीय होते, ज्यांच्याशी आधीच भेदभाव होत होता.

आणि धक्कादायक गोष्ट ही, की ज्यांनी हा रेणू शोधला त्या पॉलिंग यांनीच १९६८ मध्ये लिहिलं होतं की वाहक तरुणांच्या कपाळावर खूण गोंदावी, म्हणजे दोन वाहक एकमेकांच्या प्रेमात पडणार नाहीत. दोन नोबेल मिळवलेला माणूस! हेतू आजार टाळण्याचा होता, पण कपाळावर खूण घेऊन फिरणाऱ्या मुलाचं काय होईल, याचा विचार त्यात नव्हता.

आत्या लपवायला सांगत होती आणि पॉलिंग कपाळावर लिहायला सांगत होते. दोघांनाही वाहक म्हणजे दोषी माल वाटत होता, असं मला वाटतं.

तुम्ही दिलेली आरटी-पीसीआर आणि सिकलसेलचं नातं

कोविडमध्ये नाकात काडी घालून केलेली टेस्ट आठवतेय? त्यातली पीसीआर ही पद्धत म्हणजे डीएनएच्या एका छोट्या तुकड्याच्या लाखो-कोटी झेरॉक्स काढणं. ही पद्धत पहिल्यांदा छापून आली डिसेंबर १९८५ मध्ये, आणि तो पेपर होता सिकलसेल ओळखण्याबद्दलचा! या पद्धतीची कल्पना कॅरी मुलिस यांची. त्यांना १९९३ मध्ये नोबेल मिळालं.

त्याआधी १९७८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला युएत वाई कान आणि आंद्रे डोझी यांनी गर्भातल्या बाळाच्या डीएनएवरून सिकलसेल ओळखता येतो हे दाखवलं होतं. डीएनए बघून गर्भातल्या आजाराचं निदान करण्याच्या सुरुवातीच्या उदाहरणांपैकी हे एक.

भारतातलं उदाहरणही भारी आहे. २०२० मध्ये दिल्लीच्या आयजीआयबी संस्थेने कोविडसाठी कागदी पट्टीवरची 'फेलुदा' टेस्ट बनवली. नाव सत्यजित राय यांच्या गुप्तहेरावरून. ती बनवणारी टीम त्याआधी क्रिस्पर वापरून सिकलसेलवरच काम करत होती.

निदान झालं, पण उपचार?

लक्षात घ्या: प्रोटीनमधला बदल सापडला १९५६-५७ मध्ये. पण त्यानंतर कितीतरी वर्षं डॉक्टरांच्या हातात वेदना कमी करणं आणि रक्त चढवणं याच्यापलीकडे फार काही नव्हतं. नंतर हे टप्पे आले:

- १९८४: एका मुलीला ल्युकेमियासाठी बोन मॅरो बदलून दिला, तर तिचा सिकलसेलही बरा झाला. आजार मुळापासून जाऊ शकतो हे कळलं. पण त्यासाठी जुळणारा दाता लागतो, शक्यतो सख्खं भावंड.
- १९८६: लहान मुलांना रोज पेनिसिलिन दिलं तर जीवघेणे संसर्ग खूप कमी होतात, हे सिद्ध झालं. फरक इतका स्पष्ट होता की अभ्यास वेळेआधीच थांबवला. साधं, स्वस्त औषध, पण त्यासाठी बाळाचं निदान जन्मतःच व्हायला हवं.
- १९९५: हायड्रॉक्सियुरिया या कॅप्सूलने दुखण्याचे झटके जवळपास निम्म्यावर येतात हे दिसलं. माझी बहीण हीच गोळी घेते, डॉक्टरांच्या देखरेखीत, ठरावीक दिवसांनी रक्त तपासत.

हायड्रॉक्सियुरिया काम कशी करते, ही गंमत आहे. आईच्या पोटात असताना बाळाचं हिमोग्लोबिन वेगळं असतं. जन्मानंतर काही महिन्यांत ते बंद होऊन मोठ्यांचं सुरू होतं. ब्रुकलिनच्या डॉक्टर जॅनेट वॉटसन यांनी १९४८ मध्येच नोंदवलं होतं की एसएस बाळांना सुरुवातीला त्रास होत नाही, बहुधा या बाळ-हिमोग्लोबिनमुळे. ही गोळी तेच हिमोग्लोबिन पुन्हा थोडं वाढवते.

२०२३: क्रिस्पर आणि १८ कोटींचा प्रश्न

माणसाचा जीनोम वाचण्याचा प्रकल्प १९९० मध्ये सुरू झाला आणि २००३ मध्ये पूर्ण जाहीर झाला. त्यानंतर असे अभ्यास सोपे झाले. २००८ मध्ये कळलं की 'बीसीएल११ए' नावाचं जनुक बाळ-हिमोग्लोबिन दाबून ठेवतं. २०१२ मध्ये इमॅन्युएल शार्पांतिए आणि जेनिफर डाउडना यांनी क्रिस्पर ही डीएनए हव्या त्या जागी कापायची पद्धत दाखवली. २०२० चं नोबेल त्यांनाच.

मग दोन्ही गोष्टी एकत्र आल्या. २०१९ मध्ये अमेरिकेत व्हिक्टोरिया ग्रे या महिलेवर हा उपचार झाला. सिकलसेलसाठी क्रिस्पर घेणारी ती पहिली अमेरिकन रुग्ण. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने आणि ८ डिसेंबर २०२३ ला अमेरिकेने 'कॅसजेव्ही' नावाच्या या उपचाराला परवानगी दिली. क्रिस्परवर आधारलेला जगातला हा पहिला मान्यताप्राप्त उपचार.

बऱ्याच व्हिडिओंत सांगतात की यात चुकीचं अक्षर दुरुस्त करतात. तसं नाही. रुग्णाच्या रक्ताच्या मूळ पेशी बाहेर काढतात आणि त्यांत 'बीसीएल११ए'चा स्विच तोडतात. मग दाबलेलं बाळ-हिमोग्लोबिन परत चालू होतं. चुकीचं अक्षर तिथेच राहतं, त्याचा त्रास होत नाही एवढंच. आणि हे इंजेक्शनइतकं सोपं नाही. आधी कडक केमोथेरपी देऊन जुना मॅरो रिकामा करावा लागतो, हॉस्पिटलमध्ये आठवडे काढावे लागतात, पुढे मूल होण्यावर परिणाम होण्याचा धोकाही असतो. परवानगीच्या वेळी ज्या ३१ रुग्णांचे निकाल मोजता आले, त्यातल्या २९ जणांना सलग किमान १२ महिने गंभीर झटका आला नाही. निकाल जबरदस्त आहे.

२०२३ मधली किंमत: अमेरिकेत २२ लाख डॉलर. तेव्हाच्या दराने साधारण १८ कोटी रुपये.

बहिणीला मी हे सांगितलं तेव्हा ती हसली. म्हणाली, "दादा, आपल्या अख्ख्या गावाची शेती विकली तरी नाही व्हायचं." आजार ओळखणं बोटाच्या एका थेंबावर आलंय, बरं करणं मात्र अजून आपल्या आवाक्यात नाही. आपली पिढी नेमकी या दोन्हींच्या मधल्या काळात जगतेय.

भारतात आत्ता काय चालू आहे?

१ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी करायची आणि २०४७ पर्यंत हा आजार सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून संपवायचा, असं उद्दिष्ट तेव्हा ठेवलं गेलं. दिव्यांग हक्क कायदा २०१६ मधल्या २१ प्रकारांत सिकलसेल आजाराचा समावेश आहे. म्हणजे एसएस रुग्णाला दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी अर्ज करता येतो.

तपासणी दोन पायऱ्यांत होते:

१. सोल्युबिलिटी टेस्ट: नळीतल्या द्रावणात रक्ताचा थेंब टाकतात. द्रावण गढूळ झालं आणि नळीमागच्या रेघा दिसेनाशा झाल्या, तर पॉझिटिव्ह. पण ही टेस्ट एएस आणि एसएस यांत फरक सांगत नाही!

२. इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी: ही पक्की टेस्ट. एए, एएस की एसएस ते इथे कळतं.

फक्त पहिली टेस्ट झाली असेल आणि "पॉझिटिव्ह" ऐकून घरात रडारड सुरू असेल, तर थांबा. दुसरी टेस्ट होईपर्यंत काहीच ठरवू नका.

रिपोर्ट हातात आला तर काय करायचं?

*एएस आलं तर मी आजारी आहे का?*
नाही. खेळा, पोहा, नोकरी करा. यासाठी रोजच्या औषधाची गरज नाही. फार जास्त उन्हात, पाणी न पिता जीव तोडून व्यायाम करणं किंवा खूप उंचावर जाणं एवढ्याबाबतीत काळजी घ्या आणि डॉक्टरांना आपलं एएस असणं सांगून ठेवा.

*पुढे एएसचं एसएस होतं का?*
कधीच नाही. जन्मतः जे असतं तेच आयुष्यभर राहतं. हा संसर्गही नाही. जेवणातून, स्पर्शातून पसरत नाही.

*लग्नाचं काय?*
जोडीदार एए असेल तर मूल एसएस होणार नाही. फार तर एएस होईल. पण जोडीदाराची तपासणीही पक्की टेस्टच असू द्या, कारण बीटा थॅलेसेमियाचा वाहक असेल तर मुलाला सिकलसेलसारखाच त्रास होऊ शकतो. दोघंही एएस असतील तर प्रत्येक गरोदरपणात २५ टक्के शक्यता एसएसची, ५० टक्के एएसची आणि २५ टक्के एएची. "पहिलं एसएस झालं, आता पुढची तीन सुटली" असं गणित नसतं. दर वेळी नाणं नव्याने उडतं.

*दोघं एएस असतील तर लग्न करायचंच नाही का?*
हा निर्णय त्या दोघांचा. गरोदरपणाच्या सुरुवातीच्या महिन्यांत गर्भाची तपासणी करता येते. त्यासाठी आधी समुपदेशकाला भेटा, कारण कळायला उशीर झाला की पर्याय कमी होतात.

*एसएस असेल तर?*
भरपूर पाणी, लसीकरण, नियमित तपासणी आणि डॉक्टरांनी दिलेली गोळी न चुकवणं. ताप, छातीत दुखणं, दम लागणं, अंग अचानक एका बाजूने लुळं पडणं, किंवा घरच्या औषधाने न थांबणारी वेदना, यांपैकी काहीही झालं तर लगेच हॉस्पिटल गाठा. "नाटक करतेय" असं कुणी म्हणालं तर त्याला हा लेख दाखवा.

*रिपोर्टचा फोटो कुठे ठेवू?*
फोनच्या लॉक केलेल्या फोल्डरमध्ये किंवा डिजिलॉकरमध्ये अपलोड करून. व्हॉट्सअ‍ॅपच्या फॅमिली ग्रुपवर टाकू नका. तुमच्या जनुकाची माहिती तुमच्या भावंडांबद्दल, चुलत भावंडांबद्दलही काहीतरी सांगते, आणि त्यांनी परवानगी दिलेली नसते. हाच नियम घरी नमुना मागवून डीएनए टेस्ट करणाऱ्या अ‍ॅप्सनाही लावा.

शेवटी

मागच्या दिवाळीत माझ्यासाठी एक स्थळ आलं. चहा पोहे झाल्यावर मला त्या मुलीशी बोलायला दहा मिनिटं मिळाली. मी फोन काढून हा फोटो दाखवला आणि सांगितलं की मी एएस आहे, आजारी नाही, तुझी टेस्ट झाली नसेल तर करून घे, मग बोलूया. तिने विचारलं, "आणि मीही एएस निघाले तर?" मी म्हणालो, "तर दोघं मिळून डॉक्टरकडे जाऊ आणि मग ठरवू." आत्या दारातून ऐकत होती. काही बोलली नाही, पण दुसऱ्या आठवड्यात तिने स्वतःच्या मुलाला तपासणीला पाठवलं.

नोएलला आपल्या रक्तात काय आहे ते कळलं नाही. अमेरिकेतल्या कित्येक वाहकांना ते कळलं, पण कुणी समजावून सांगितलं नाही. आपल्याला दोन्ही मिळू शकतं. १९ जूनला जागतिक सिकलसेल दिवस असतो. त्याची वाट न बघता, तुम्ही किंवा तुमचे आईवडील या पट्ट्यातले असाल, तर जवळच्या सरकारी दवाखान्यात एकदा थेंबभर रक्त देऊन या.

लेख उपयोगी वाटला तर मित्रांना शेअर करा. लेख शेअर करा बरं का, रिपोर्ट नाही!